ताट आधी पालथं करा

पत्र :
ताई, मी मूळची नाशिकची, सहा वर्षांपासून कावासाकीत राहते. गेल्या महिन्यात क्योतोला गेले होते. तिथे तोजी देवळाच्या आवारात २१ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्यात एक मोठं ताट घेतलं. मधोमध निळी फुलदाणी, भोवती तांबड्या-सोनेरी पाकळ्या. विकणारे आजोबा म्हणाले, "कोइमारी, तीनशे वर्षांचं." कोइमारी म्हणजे जुनी जपानी चिनीमाती. २८,००० येन दिले. घरी आल्यावर मागची सहा अक्षरं माझ्या चिनी मैत्रिणीने वाचली, तर म्हणे 'महान मिंग, छंगह्वा काळात बनवलेलं'. म्हणजे जपानी नाहीच, आणि छंगह्वा राजा होऊन पाचशेवर वर्षं झाली, तेव्हा नकलीच असणार. त्यात काठाला केसासारखी चीर निघाली, बुडाला पाच पुळ्याही आहेत. नवरा म्हणतो, फसलीस, आता हे बंद. सध्या सासूबाई आल्या आहेत, त्यांना तडा गेलेलं भांडं घरात नको. मला मात्र अजून घ्यायची आहेत. सोबत फोटो पाठवते. मी फसले का?
– कावासाकीहून एक वाचक

उत्तर :

फसला नाहीत. पैसे थोडे जास्त गेले आणि आजोबांनी ताटाचं वय दुपटीहून वाढवून सांगितलं, एवढंच झालंय. ताट जपानी आहे, जुनं आहे, आणि फुलदाणीच्या डाव्या बाजूची ती शेवंती ज्याने काढली त्याचा हात चांगला होता. आता एकेक बघू.

आधी ती सहा अक्षरं, कारण तुमची झोप त्यांनीच उडवलेली दिसते. जपानी लोक ती 'दाइ मिन सेइका नेन सेइ' अशी वाचतात. मैत्रिणीने अर्थ बरोबर सांगितला, निष्कर्ष मात्र चुकला. छंगह्वा राजाची कारकीर्द १४६५ ते १४८७. जपानात पोर्सेलीन (चिनीमातीचं भांडं) व्हायला लागलं ते त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. अरिता या जपानी गावातल्या कुंभारांपुढे नमुना होता चिनी मालाचा, आणि चिनी मालाच्या बुडावर अशी अक्षरं असायची, म्हणून यांनीही काढली. फसवायला नव्हे, रीत म्हणून. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर शुभ-लाभ लिहितात तसं समजा. खरं तर चिनी कुंभारसुद्धा आपल्याच जुन्या राजांची नावं असंच सर्रास लिहीत. तेव्हा बुडावरच्या अक्षरांवरून वस्तूचं वय किंवा गाव ठरवू नका. नवशिके सगळ्यात आधी अक्षरं वाचायला धावतात. मीही धावले होते. नागोयात असताना शिक्क्यांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं, तीन महिने त्यात डोकं घातलं आणि एकही भांडं धड ओळखता आलं नाही.

वाचायचं ते बूड, आणि तुमच्या बुडावर फार छान बातमी आहे. त्या पाच पुळ्या! अरिताची मोठी ताटं भट्टीत १,३०० अंशांच्या आसपास भाजली जायची. त्या आचेला मऊ झालेलं ताट मध्ये खचू नये म्हणून बुडाखाली मातीचे छोटे सुळके टेकू म्हणून ठेवत. भाजून झालं की ते ठोकून काढायचे, पण खुंट राहायचेच. चिनी ताटांना सहसा असे खुंट नसतात. म्हणजे ज्या पुळ्यांमुळे तुम्ही घाबरलात त्याच पुळ्या ताट जपानी असल्याचा दाखला आहेत. फक्त त्यांच्यावरून गाव कळतं, वय नाही. सतराव्या शतकातल्या ताटाला पुळ्या असतात तशा एकोणिसाव्यातल्यालाही.

वय कळलं ते तुमच्या तिसऱ्या फोटोवरून. काठाजवळचा निळा जाळीचा पट्टा बघा. घड्याळाचा काटा चारवर असतो त्या जागी ती जाळी एकमेकींत बसत नाही, शिवलेल्या परकराचे काठ जुळू नयेत तशी सरकलेली आहे. ती हाताने काढलेली नाही. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून कागदावर छाप घेऊन तो कागद ताटावर चिकटवलाय आणि जोडावर थोडा चुकलाय. ही पद्धत मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांत सर्रास झाली. त्यात तुमचा निळा जांभळट आणि झगझगीत आहे. जुन्या अरितातला निळा चीनहून आणलेल्या कोबाल्टच्या खनिजाचा, जपानीत त्याला 'गोसु' म्हणतात, आणि तो बहुधा राखाडीकडे झुकतो, पावसाळी संध्याकाळच्या आभाळासारखा. १८७० साली गॉटफ्रीड वागनर नावाचे जर्मन रसायनतज्ज्ञ अरितात आले आणि त्यांनी कारखान्यात बनलेलं कोबाल्ट वापरायला शिकवलं. त्यानंतर निळ्याचा नूरच बदलला. एकट्या रंगावर मी पैज लावली नसती, पण रंग आणि जोड दोन्ही एकच सांगत असतील तर ऐकावं. तुमचं ताट सव्वाशे-दीडशे वर्षांचं धरा.

आजोबा खोटं बोलले असंही नाही. 'को' म्हणजे जुनं. 'कोइमारी' हा शब्द जाणकार एदो काळातल्या, म्हणजे मेइजीच्या आधीच्या, मालापुरता ठेवतात, बाजारात तो आजीच्या कपाटातून निघालेल्या कशालाही लावतात.

मुळात इमारी हे बंदराचं नाव. भांडी व्हायची डोंगरातल्या अरिता गावात, क्यूशू बेटावर, आजच्या सागा प्रांतात. जहाजावर चढायची इमारीला, म्हणून नाव बंदराचं लागलं. माल पिकतो एकीकडे आणि नाव दुसऱ्याच गावाचं होतं, हे आपल्याला नवीन नाही. १५९२ ते ९८ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा परतणाऱ्या सरदारांनी तिथले कुंभार सोबत आणले. त्यातल्या यी साम-प्योंगला १६१६ मध्ये अरिताच्या इझुमियामा डोंगरात पोर्सेलीनचा दगड सापडला, अशी परंपरा सांगते. पहिली भांडी नुसती निळी-पांढरी होती. चकाकीवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरावर, पुन्हा रंग चढवून दुसऱ्यांदा भाजायची विद्या १६४० च्या दशकात आली आणि तिचं श्रेय साकाइदा काकिएमोनला देतात. तेवढ्यात चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, यादवीत चिनी माल बंद पडला आणि डच ईस्ट इंडिया कंपनी नागासाकीच्या देजिमा बेटावरून अरिताकडे वळली. १६५९ सालची त्यांची एकच मागणी पन्नास हजारांहून जास्त नगांची होती. एका खेड्याला! त्याच डचांची वखार त्या काळात आपल्या वेंगुर्ल्यातही होती, हे मला नकाशा बघताना नेहमी आठवतं.

आता या छंदातला खरा विषय, म्हणजे वरचे रंग. तुमच्या ताटातला निळा चकाकीच्या खाली आहे, कायमचा. तांबडा, हिरवा आणि सोनेरी चकाकीवर बसलेत. ते इनॅमलचे, म्हणजे काचेच्या भुकटीचे रंग, आठशेच्या आसपासच्या सौम्य आचेवर चिकटवलेले. डोळे मिटून ताटावरून बोट फिरवा. निळ्यावर काहीच लागणार नाही. हिरव्यावर थेंबासारखा उंचवटा लागेल, तांबड्यावर फक्त किंचित खरखर, कारण तो लोखंडाच्या गंजाचा रंग आणि पातळ लावतात. सोनं सगळ्यात नाजूक. ते काठावर आणि बोटं लागतात तिथे आधी जातं. दीडशे वर्षांच्या ताटावर सोनं सगळीकडे सारखंच लखलखत असेल तर मी ते ताट खाली ठेवते. सगळीकडे सारखंच पुसट असेल तरीही ठेवते, मग ते कोणीतरी बसून घासलेलं असतं.

दहापट दाखवणारं घड्याळजीचं भिंग घ्या. त्यातून एकच गोष्ट शोधा : ओरखडे. ताटं एकावर एक रचली जातात, वरच्याचं बूड खालच्याच्या मध्यावर घासतं, म्हणून जुन्या ताटाच्या मध्यावर बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे असायलाच हवेत. ते रंगावरून गेले असतील तर ठीक. रंगाखालून गेले असतील, म्हणजे ओरखडा तांबड्या पाकळीखाली शिरून पलीकडे निघत असेल, तर रंग नंतर चढवलाय. जुन्या निळ्या-पांढऱ्या ताटावर नवे रंग चढवून ते महाग विकायचे, हा फार जुना धंदा आहे. जपानी बाजारात याला 'आतोए' म्हणतात. अठराव्या शतकात आम्स्टरडॅमचे कारागीरही हेच करायचे आणि आता त्यांचे ते नगही लोक जमवतात. असो.

माझी स्वतःची फजिती सांगते. नागोयातल्या एका दुकानातून मी एक वाडगा घेतला होता, आतल्या बाजूला कामेलियाचं तांबडं फूल. घरी आणला, कोमट पाण्यात साबण घालून ठेवला आणि चहा करायला गेले. परत येऊन बघते तर पाण्यावर फुलाच्या दोन पाकळ्या तरंगतायत. तिथे टवका उडालेला होता, तो भरून वर साध्या रंगाने पाकळ्या रंगवल्या होत्या. दुकानदाराला माहीत होतं की नाही, देव जाणे. तेव्हापासून मी जांभळ्या उजेडाची, नोटा तपासायची छोटी विजेरी पर्समध्ये ठेवते. अंधारात तो उजेड टाकला की नवं लुकण आणि नवा रंग बहुतेक वेळा वेगळा चमकतो. वाडगा अजून माझ्याकडे आहे. त्यात बटणं ठेवते.

आता चीर. तुम्ही जपानी बऱ्यापैकी बोलत असाल, म्हणून बाजारातले चार शब्द देते. 'मुकिझु' म्हणजे बिनडागी. 'न्यू' म्हणजे तुमच्या ताटाला आहे तशी केसासारखी चीर. 'होत्सु' म्हणजे काठाचा बारीक टवका. 'नाओशी' म्हणजे दुरुस्ती, आणि ती लाखेने सांधून सोन्याने उजळलेली असेल तर 'किन्त्सुगी'. 'कामा-किझु' म्हणजे भट्टीतच आलेला दोष, तो सहसा खोट धरत नाहीत. विकत घेण्याआधी "न्यू आरिमासु का?" एवढं विचारायचं. मला भेटलेले जपानी विक्रेते थेट विचारलं की बहुधा थेट सांगत, न विचारता मात्र फार थोडे जण सांगत. विचारायला संकोच वाटला तर ताट तळहातावर तोलून धरा, अंगठ्याच्या नखाने काठाला हलकी टिचकी मारा. अखंड ताट खणखणतं, चीर असलेलं बद्द वाजतं. बाजारात मडकं घेताना आपल्या आज्या करायच्या तेच.

चीर नसती तरी छापील काठाच्या मेइजी ताटाला मी २८,००० दिले नसते. चिरेसकट तर निम्म्यात मागितलं असतं. जास्तीचे पैसे शिकवणीत धरा.

सासूबाईंशी वाद घालू नका. तडा गेलेलं भांडं वापरू नये हे त्यांचं म्हणणं जेवणापुरतं अगदी बरोबर आहे, कारण त्यांचं काहीही असो. चिरेत तेल शिरतं, मागोमाग हळद, आणि मग ती रेघ जन्मभर पिवळी. शिवाय जुन्या इनॅमलमध्ये शिसं असतं. चिंच-कोकमाची आमटी, लोणचं, लिंबू असलं आंबट त्यावर ठेवायचंच नाही. सांदणाची वडीसुद्धा नको, कितीही शोभली तरी. मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचं मशीन तर विसराच, सोनं दोन धुण्यांत जाईल. हाताने, कोमट पाण्यात, सिंकमध्ये टॉवेल अंथरून धुवा. उरला त्यांच्या मनातला अपशकुन. ताट तुमच्या कामाच्या टेबलाशेजारी ठेवा, देवघर आणि स्वयंपाकघर सोडून. त्या गेल्यावर बाहेर आणा. याला लबाडी म्हणायचं तर म्हणा.

ठेवताना तारेच्या स्प्रिंगने काठ आवळणारं स्टँड वापरू नका. तीच चीर आणखी पुढे सरकते. तुम्ही तर भूकंपाच्या देशात राहता. ताट खालच्या फळीवर, मागे टेकून, काठाखाली जपानी दुकानांत मिळणारा चिकट जेलचा तुकडा लावून ठेवा.

नवऱ्याच्या "आता बंद" वर माझं मत थोडं त्यांच्या बाजूने आहे. बंद नको, पण बांध हवा. कावासाकीतल्या घरात मोठी ताटं किती मावणार? आणि "पुढे किंमत येईल" हे त्यांना सांगू नका, कारण खरं नाही. साध्या इमारीचे भाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उतरलेत. अव्वल नगांची गोष्ट वेगळी, पण ते तुमच्या-माझ्या आवाक्यातले नव्हेत. मी तुमच्या जागी असते तर मोठी ताटं सोडून हातभर फळीवर मावतील अशा छोट्या ताटल्यांकडे वळले असते, १२ ते १५ सेंटीमीटरच्या. जपानात संच पाचाचा असतो, कारण चारला 'शि' म्हणतात आणि मृत्यूलाही 'शि'. पाचातली एक फुटली की संच मोडतो आणि उरलेल्या चार सुट्या, स्वस्तात विकल्या जातात. सुट्या ताटल्यांना 'हामोनो' म्हणतात. तुम्हाला संचाशी काय करायचंय? दर महिन्याला एक सुटी घ्या, प्रत्येक वेगळ्या नक्षीची. वर्षाभरात बारा होतील, आणि बारा बुडं बघून डोळा जितका तयार होईल तितका एका भारी ताटाने होणार नाही.

कुठल्या नावांपासून जपून राहायचं? 'काकिएमोन' म्हणून स्वस्तात कोणी दिलं तर घेऊ नका. दुधाळ पांढरं अंग, मोकळी जागा ठेवून एका बाजूला झुकलेलं चित्र, दोन लावे पक्षी आणि बाजरीसारखी कणसं, हे इतकं आवडलं होतं की जर्मनीत माइसनच्या कारखान्याने १७१० नंतर त्याच्या नकला काढल्या आणि मग सगळ्या युरोपने. 'नाबेशिमा' तर सरदार घराण्यासाठी आणि शोगुनला (जपानच्या लष्करी सत्ताधीशाला) नजराण्यासाठी ओकावाचीच्या राखीव भट्ट्यांत व्हायचं. बुडाच्या उभ्या कडेवर कंगव्याच्या दातांसारख्या निळ्या रेघा असतात. देवळाच्या बाजारात त्या दिसल्या तर आधी समजा की नंतरची नक्कल आहे. कुतानी या दुसऱ्या जपानी प्रकारात हिरवा, पिवळा, जांभळा, गर्द निळा आणि तांबडा असे दाट रंग असतात. त्यातलं एकोणिसाव्या शतकातलं तांबडं-सोनेरी काम निर्यातीसाठी भरपूर झालं आणि आजही मिळतं, ते मला जरा भडक वाटतं. सातसुमा पोर्सेलीन नव्हे. ती साईच्या रंगाची, बारीक भेगांची मऊ माती, तिची गणितंच वेगळी. बुडावर इंग्रजीत 'रॉयल सातसुमा' छापलेलं दिसलं की हसून पुढे जा, तो अलीकडचा चिनी माल.

इंग्रजी अक्षरं तारीख सांगायला मात्र उपयोगी पडतात. अमेरिकेने १८९१ पासून मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून 'निप्पॉन' (जपानचं जपानी नाव) दिसलं की त्यानंतरचं. १९२१ पासून 'जपान' लिहावं लागलं. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या वर्षांतलं. काहीच इंग्रजी नसेल तर जुनंच असं समजू नका, घरच्या बाजारासाठी बनलेल्या मालावर इंग्रजी कशाला असेल?

लाकडी पेटीवर सुंदर शाईची अक्षरं असली तरी भुलू नका. पेटी एकाची आणि भांडं दुसऱ्याचं, अशी लग्नं बाजारात रोज लागतात.

पुढचा महिनाभर काही घेऊ नका, नुसतं बघा. तोक्योत शिबुयाच्या शोतो भागात तोगुरी संग्रहालय आहे, फक्त पोर्सेलीनचं, इमारी आणि नाबेशिमाचं. तुमच्याकडून तासाभराची वाट. शक्य झालं तर एकदा अरिताला जाऊन या. तिथल्या क्यूशू सिरॅमिक संग्रहालयात शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांवर नगांचा संग्रह आहे. तुमच्या ताटासारखी ताटं काळाप्रमाणे ओळीने मांडलेली बघितली की निळ्याचा नूर पुस्तकाशिवाय कळतो. २९ एप्रिल ते ५ मेच्या जत्रेत गेलात तर माल बराचसा नवा असतो आणि गर्दी वारीसारखी. गर्दी टाळून गेलात तर तोझान देवळाची पोर्सेलीनची कमान निवांत बघता येईल. सुट्टीत मुंबईला आलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. लोक खालच्या मूर्ती बघून दमतात आणि तिथपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे निवांत उभं राहता येतं.

भारतात नेण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल. साधी इमारी जपानातून बाहेर न्यायला अडचण नाही, बंदी राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेल्या वस्तूंवर आहे. भारतातून पुन्हा बाहेर काढणं मात्र कटकटीचं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याची मर्यादा शंभर वर्षांची आहे आणि विमानतळावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र मागू शकतात. तेव्हा विक्रेत्याकडून तारखेची पावती घ्या, नेण्याआधी फोटो काढून ठेवा, आणि परत न्यायचं असेल तर मुळात नेऊच नका.

पुढच्या २१ तारखेला गेलात तर त्या आजोबांकडे जरूर जा, भांडायला नव्हे. जाळीचा जोड दाखवा आणि सुट्या ताटल्या कुठे ठेवल्यात ते विचारा. गिऱ्हाईक जोड बघतं हे कळलं की विक्रेते टेबलाखालचं खोकं बाहेर काढतात, हा माझा अनुभव. त्यातून काही घेतलंत तर फोटो पाठवा, आणि यावेळी पहिला फोटो बुडाचा.